मानधन त्या संध्याकाळचं असतं: कार्यक्रम आणि रेकॉर्डिंगवरचे आपले हक्क कसे सांभाळावेत

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने रात्री साडेदहाला मला एक लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "ताई, ही पेटी तुमचीच ना?" गाण्यांच्या एका ॲपवर सत्तर मिनिटांचा अल्बम होता. मुखपृष्ठावर गायिकेचं नाव, त्याखाली कार्यक्रम ठेवणाऱ्या संस्थेचं नाव. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तंबोऱ्यावर कोण, काहीच नाही. मी हेडफोन लावले. विलंबित, म्हणजे सुरुवातीचा संथ भाग, संपायच्या आतच खात्री पटली, कारण त्या संध्याकाळी माझ्या पेटीच्या मधल्या सप्तकातला कोमल निषाद हवा खात होता. भाता जरा सैल पडला की फुस्स असा बारीक आवाज यायचा, म्हणून मी तो स्वर शक्य तिथे टाळत होते. अल्बममध्ये तो आवाजही होता आणि माझं टाळणंही.

कार्यक्रमाआधी आयोजकांनी विचारलं होतं, "संग्रहासाठी रेकॉर्ड करतोय, चालेल ना?" मी सूर जुळवत होते. मान हलवली. सगळं प्रकरण त्या मान हलवण्यात होतं.

दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "हॉल आमचा, साऊंड आमचा, आणि मानधनाचं पाकीट तर तुम्हाला त्याच रात्री दिलं." तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण त्यातल्या एकीनेही त्यांना ते रेकॉर्डिंग बाजारात आणायचा हक्क मिळत नव्हता. मानधन त्या संध्याकाळी येऊन वाजवण्याचं असतं. रेकॉर्डिंग हा वेगळा व्यवहार आहे आणि ते प्रसिद्ध करणं हा तिसरा. हे तीन व्यवहार वेगळे ठेवायचे कसे, ते पुढे लिहिलं आहे. मी वकील नाही, पेटीवादक आहे. पण त्या प्रकरणात कायदा हातात घेऊन वाचावा लागला, वकिलांसोबत बसून कलमं समजून घ्यावी लागली, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेक साथीदारांना यातलं काहीच माहीत नाही हे पाहून वाईट वाटलं.

आधी हे पाहा की तुम्ही कायद्याच्या नजरेत कोण आहात

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा. पण त्यात कवी, संगीतकार, निर्माता यांना जागा होती, प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला नव्हती. १९७८ मध्ये देव आनंद यांच्याशी संबंधित एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं होतं की नटाचा अभिनय म्हणजे या कायद्याला अभिप्रेत असलेली 'कृती', म्हणजे कॉपीराइट मिळू शकेल अशी रचना, नव्हे. ही उणीव १९९४ च्या दुरुस्तीने भरून निघाली. १० मे १९९५ पासून कलम ३८ लागू झालं आणि सादरकर्त्याचा हक्क ही स्वतंत्र गोष्ट कायद्यात आली. २०१२ च्या दुरुस्तीने तिला खरा दात दिला: कलम ३८ए आणि ३८बी.

सादरकर्ता कोण, याची यादी वाचताना मला फार बरं वाटलं. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, हातचलाखीचे खेळ करणारा, जादूगार, गारुडी, व्याख्यान देणारा, आणि सादरीकरण करणारी इतर कुणीही व्यक्ती. मुख्य कलाकार आणि साथीदार असा भेद त्यात कुठेही नाही. तंबोऱ्यावर बसून मागून सूर देणारी मुलगीही वादक आहे. कीर्तनकार आहे, शाहीर आहे, एकपात्री करणारा आहे, भाषण करणारे प्राध्यापकही आहेत. याचा सरळ परिणाम असा की मुख्य गायकाने रेकॉर्डिंगला होकार दिला म्हणजे साथीदारांनीही दिला, असं होत नाही. प्रत्येकाचा हक्क प्रत्येकाचा.

नोंदणी लागत नाही. कुठला फॉर्म नाही, फी नाही. तुम्ही सादर केलंत की हक्क जन्माला आला. तो सादरीकरणाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून पन्नास वर्षं राहतो. म्हणजे २०२६ मध्ये केलेल्या मैफलीचा हक्क ३१ डिसेंबर २०७६ पर्यंत.

एक शंका नेहमी येते: "सादरीकरण म्हणजे लोकांसमोरचं, मग स्टुडिओतलं?" व्याख्येत 'लाइव्ह' हा शब्द आहे, म्हणून ही शंका. २००६ मध्ये गायिका नेहा भसीन यांनी आपल्या आवाजाचं श्रेय दुसऱ्याला दिल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक सादरीकरण पहिल्यांदा जिवंतच असतं, मग ते श्रोत्यांपुढे असो वा स्टुडिओत. काचेमागे बसून एकटीने वाजवलेली पेटीही त्यात आली.

आणि गोष्ट जुनी असली तरी चालते. अभंग तुकोबांचा, चाल परंपरेने आलेली, त्यावर आज कुणाचाच कॉपीराइट नाही. पण परवा तुम्ही तो ज्या तऱ्हेने गायलात, ते गाणं तुमचं आहे. "अभंगावर कसला हक्क?" असं कुणी म्हणालं तर हे लक्षात ठेवा: हक्क अभंगावर सांगत नाही आहोत, आपल्या गाण्यावर सांगतो आहोत.

हातात नेमकं काय आहे

कलम ३८ए सांगतं की तुमच्या सादरीकरणाचं किंवा त्याच्या महत्त्वाच्या भागाचं ध्वनिमुद्रण वा चित्रण करणं, ते कुठल्याही माध्यमात साठवणं, त्याच्या प्रती लोकांत आणणं, विकणं, भाड्याने देणं, लोकांपर्यंत पोहोचवणं आणि प्रसारित करणं, हे सगळं करायचा किंवा करू द्यायचा अधिकार फक्त तुमचा. फेसबुक लाइव्ह, यूट्यूब, गाण्यांची ॲप, सगळं या यादीत बसतं.

कलम ३८बी मला जास्त जवळचं. आधीचे हक्क विकता येतात, देऊन टाकता येतात. हे नाही. सगळे हक्क लिहून दिल्यानंतरही दोन गोष्टी तुमच्याकडेच उरतात. एक, हे मी वाजवलं आहे असं नाव लागण्याचा हक्क. वापराची रीतच अशी असेल की नाव देणं शक्य नाही, तेवढाच अपवाद. दोन, तुमच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी सादरीकरणाची मोडतोड थांबवण्याचा किंवा भरपाई मागण्याचा हक्क. फक्त वेळेत बसवण्यासाठी काही भाग कापला, तांत्रिक गरजेपोटी काही बदललं, तर ती मोडतोड धरत नाहीत.

माझ्या बाबतीत या दुसऱ्या हक्काचाही प्रश्न आला. अल्बमच्या जाहिरातीसाठी अडतीस सेकंदांची एक रील केली होती. द्रुत पुरेशी द्रुत वाटेना म्हणून कुणीतरी तिची गती वाढवली. सूर अर्ध्या स्वराने वर चढला, पेटी चिरकी झाली, आणि तिहाईच्या, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याच्या, मधोमध कापल्यामुळे मी समेवर चुकले असं ऐकू येत होतं. गायिकेचा आवाज वर चढलेला लोकांना गोड वाटला असेल, पण ज्या वादकाला साथीला बोलावायचं की नाही हे ऐकून ठरतं, त्याचं यात नुकसान आहे. कापणं समजू शकते. गती वाढवायला कसली तांत्रिक गरज होती?

कार्यक्रम ठरताना: एक मेसेज

सर्वात उपयोगी सवय ही. फोनवर तारीख ठरली, मानधन ठरलं, की त्याच दिवशी आयोजकांना लेखी मेसेज पाठवायचा. व्हॉट्सॲप चालेल, ईमेल अधिक चांगला. परवानगी लेखी असावी अशीच कायद्याची अपेक्षा आहे, आणि साध्या परवान्यावर सहीची अट २०१२ पासून राहिलेली नाही. मी साधारण असं लिहिते:

"नमस्कार. आपल्या दि. … च्या कार्यक्रमात संवादिनीची साथ करण्याचं मी स्वीकारलं आहे. ठरलेलं मानधन प्रत्यक्ष सादरीकरणाचं आहे. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रण करणार असाल तर कृपया आधी कळवावं. संस्थेच्या खासगी संग्रहासाठी मुद्रण करायला माझी हरकत नाही. ते समाजमाध्यमांवर, यूट्यूबवर, कुठल्याही ॲपवर किंवा अन्यत्र प्रसिद्ध करायचं असल्यास माझी वेगळी लेखी परवानगी घ्यावी, आणि प्रसिद्धीत माझं नाव संवादिनीवादक म्हणून द्यावं. कळावे."

सुरुवातीला मला हा मेसेज पाठवायचा संकोच वाटायचा. आयोजक नाराज होतील, पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतील अशी भीती. तीनचार जणांनी खरंच "एवढं कशाला ताई?" विचारलं. पण बहुतेकांनी फक्त "हो, चालेल" असं उत्तर दिलं, आणि ते उत्तरच तुमचा पुरावा आहे. उत्तर नाही आलं तरी मेसेज गेलेला आहे, निळ्या खुणा झालेल्या आहेत.

'संग्रहासाठी' हा शब्द मात्र नीट तोलून वापरा. मी दिलेल्या त्या जुन्या होकाराचा अर्थ मला हवा तसा लावता आला नाही, कारण संग्रह म्हणजे काय हे कुणी बोललंच नव्हतं. म्हणून आता 'खासगी' हा शब्द घालते आणि पुढे काय चालणार नाही तेही लिहिते.

लाइव्ह स्ट्रीमिंग असेल तर ते स्वतंत्रपणे विचारा: स्ट्रीम झाल्यावर व्हिडिओ तिथेच राहणार की काढणार? मी सहसा सात दिवसांची परवानगी देते. एकदा प्रसारित होऊन गेलेल्या सादरीकरणाच्या पुन्हा प्रसारणावर तुमची पकड सैल होते, कारण कलमात तसा अपवाद आहे. त्यामुळे पहिल्या प्रसारणाच्या आधीच अटी घाला.

हॉलमध्ये पोचल्यावर

साऊंड चेकच्या वेळी साऊंडवाल्या दादांकडे जाऊन सरळ विचारा, "मिक्सरमधून लाइन आऊट कुठे जाते?" लॅपटॉपला, रेकॉर्डरला की कॅमेरेवाल्याला, ते बघा. हे भांडणाच्या सुरात नाही विचारायचं. ही मंडळी आपल्यासारखीच कामावर आलेली असतात आणि खरं ते सांगतात. मल्टिट्रॅक घेत असतील, म्हणजे प्रत्येक माईक वेगळा, तर कान टवकारा. संग्रहासाठी दोन ट्रॅकचं स्टीरिओ पुरतं. प्रत्येक वाद्य वेगळं घेतात तेव्हा पुढे मिक्सिंग करायचा विचार असतो, आणि मिक्सिंग कुणी कपाटात ठेवायला करत नाही. माझ्या त्या कार्यक्रमात सोळा ट्रॅक घेतले होते. मी पाहिलं होतं, आणि विचारलं नव्हतं.

स्वतःच्या फोनवर किंवा छोट्या रेकॉर्डरवर आपलंही एक रेकॉर्डिंग ठेवा, बरोबरच्या कलाकारांना सांगून. उद्या कुठे काही आलं तर ताडून बघायला तेच कामी येतं. माझ्या त्या फुसफुसणाऱ्या निषादाचं नशीब बरं होतं. प्रत्येक वेळी पेटी अशी खूण ठेवत नाही. शिवाय निवेदकाने मंचावरून नावं घेतली तर ती रेकॉर्डिंगमध्ये येतात. कार्यक्रमपत्रिका जपून ठेवा, तीवर तारीख आणि सगळ्यांची नावं असतात.

श्रोत्यांचे फोन हा वेगळा विषय. स्वतः घरी ऐकायला कुणी रेकॉर्ड केलं, शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी केलं, तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही. बातमीत किंवा समीक्षेत छोटा तुकडा वापरणंही चालतं. माझे विद्यार्थी पहिल्या रांगेत फोन ठेवून बसतात, मला आनंदच आहे. पण तोच व्हिडिओ चॅनेलवर चढवला की खासगी वापर संपला, हे मी त्यांना वर्गात सांगते.

कागद समोर आला तर

घाईत, ग्रीनरूममध्ये, पाकिटाबरोबर जो कागद सहीला येतो तो त्या रात्री सही करू नका. "घरी वाचून उद्या पाठवते" एवढंच म्हणा. पाकीट मिळाल्याची पावती वेगळी असते, ती द्या.

घरी वाचताना पहिलं वाक्य शोधायचं ते हे की तुम्ही परवानगी देताय की हक्क हस्तांतरित करताय. परवानगी म्हणजे घर भाड्याने देणं, हस्तांतरण म्हणजे खरेदीखत. कागदात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' किंवा 'असाइन' असा शब्द दिसला तर ते खरेदीखत आहे. हस्तांतरणाला लेखी कागद आणि तुमची सही लागते, आणि त्यात कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती रॉयल्टी वा मोबदला हे लिहिलेलं असावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरली जातात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरतात. घेणाऱ्याने एक वर्षात ते हक्क वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही नसेल, हस्तांतरण संपतं. या तिन्ही गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. म्हणूनच छापील करारांत त्या मोडून काढणारी वाक्यं घातलेली असतात: 'जगभर', 'कायम', 'वापर न केल्यास हक्क परत जाणार नाहीत'. ही तीन वाक्यं दिसली की पेन्सिलने खूण करा आणि बदलून मागा.

मग माध्यमांचं वाक्य. 'सध्या ज्ञात असलेल्या व भविष्यात निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांत' हे जवळजवळ प्रत्येक करारात असतं. २०१२ पासून कायदा असं सांगतो की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याला हस्तांतरण लागू होत नाही, जोवर त्या माध्यमाचा नाव घेऊन उल्लेख नाही. म्हणून माध्यमं नाव घेऊन लिहायला लावा: अमुक ॲप, अमुक चॅनेल, रेडिओ. जे लिहिलं नाही ते तुमच्याकडे राहिलं.

हल्ली एक नवीन ओळ येते: आवाज किंवा वादन 'यंत्रांना शिकवण्यासाठी' किंवा 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींसाठी' वापरता येईल. ती मी थेट खोडते आणि शेजारी आद्याक्षरं टाकते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करण्याला अंतरिम आदेशाने मनाई केली. तो आदेश व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांवर, म्हणजे आपलं नाव, चेहरा, आवाज यांवरच्या हक्कांवर, उभा होता. एवढं मोठं नाव असलं की न्यायालयाचं लक्ष जातं. आपल्यासारख्यांनी स्वतःच लिहून देऊन ठेवलं तर मग कुणाकडे जाणार?

व्हिडिओच्या कागदाबद्दल आणखी सावध राहा, कारण इथे एक खाच आहे जी मलाही वकिलांनी दाखवेपर्यंत दिसली नव्हती. चित्रपटात सादरीकरण घ्यायला तुम्ही लेखी करारान्वये संमती दिलीत की, उलट काही ठरलं नसेल तर, निर्मात्याने त्या चित्रपटात तुमचा हक्क उपभोगायला तुम्ही हरकत घेऊ शकत नाही. आता वाटेल, मी कुठे चित्रपटात आहे? पण कायद्यातली चित्रपटाची व्याख्या फार रुंद आहे. दृश्य मुद्रण म्हणजे चित्रपट. तीन कॅमेरे लावून केलेलं मैफलीचं चित्रण त्यात बसू शकतं. म्हणून व्हिडिओच्या संमतीपत्रावर 'फक्त या कारणासाठी, इतक्या काळासाठी' हे शब्द लिहिल्याशिवाय सही करू नये. या खाचेतही एक आधार आहे: व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क सादरकर्त्याकडे राहतो, करारात काहीही असलं तरी. सिनेमात, मालिकेत काम करणाऱ्यांनी ही ओळ पाठ करून ठेवावी.

गाणं दुसऱ्याचं असेल तर

भावगीतांचे, नाट्यपदांचे, सिनेगीतांचे कार्यक्रम करणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. गीतकार आणि संगीतकारांचा कॉपीराइट त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं असतो. कायदा म्हणतो की जे सादरीकरणच एखाद्या कृतीच्या कॉपीराइटचा भंग करतं, त्यावर सादरकर्त्याचा हक्क निर्माण होत नाही. म्हणजे आयोजकांनी परवाना घेतला नसेल तर दंडाची टांगती तलवार त्यांच्यावर असतेच, पण तुमच्या पायाखालची फळीही सरकते. कुणी तुमचं रेकॉर्डिंग चोरलं तर तुम्ही कशावर उभं राहणार? म्हणून कार्यक्रम ठरवतानाच विचारा, "आयपीआरएसचा परवाना घेतला का?" ही गीतकार-संगीतकारांची संस्था आहे, १९६९ पासूनची. परवान्याची प्रत मागून घ्या आणि फाइलला लावा.

सादरकर्त्यांची स्वतःचीही संस्था आहे. गायकांसाठी 'इसरा' २०१३ मध्ये कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदली गेली. पुढे वादकांनाही घेऊन तिचं नाव 'इसमरा' झालं. रेकॉर्ड झालेलं बरंच काम बाहेर असेल तर सभासदत्वाचा विचार जरूर करा. हॉटेलात, बारमध्ये, रेडिओवर वाजलेल्या गाण्याचे पैसे एकट्याने मागत फिरता येत नाहीत.

आपलं वादन न विचारता कुठे सापडलं तर

पहिल्या तासात फोन करायचा नाही. मी केला, आणि ती चूक होती, कारण फोननंतर त्या पानावरचा मजकूर बदलला. आधी पुरावा घ्या. पानाचा पूर्ण पत्त्यासह स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असा. व्हिडिओ असेल तर फोनने स्क्रीन रेकॉर्ड करा. किती वेळा पाहिलं गेलं तो आकडा घ्या. ज्या फोनवर हे घेतलं तो फोन फॉर्मॅट करू नका. पुढे न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

मग आपल्या रेकॉर्डिंगशी ताडून दोन-तीन जागा मिनिट-सेकंदासह लिहून काढा. मी लिहिलं होतं: "अठराव्या मिनिटाला गायिकेने पंचमावर न्यास केला, तिथे पेटीचा कोमल निषाद फुसफुसतो, माझ्या फोनमधल्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच जागी तोच आवाज." वकिलांना हे वाक्य फार आवडलं.

आता लेखी पत्र. त्यात तीन गोष्टी: हे सादरीकरण माझं आहे (तारीख, जागा, पुरावा), ते प्रसिद्ध करायला मी परवानगी दिलेली नाही, आणि मला अमुक हवं आहे. तिसरी गोष्ट स्पष्ट लिहा. काढून टाकायला हवं, की नाव हवं, की मोबदला हवा? "योग्य ती कारवाई करावी" लिहिलं तर समोरचा काहीच करत नाही. उत्तराला पंधरा दिवस द्या.

बरोबरच त्या ॲपच्या किंवा संकेतस्थळाच्या तक्रारीच्या फॉर्मवर तक्रार करा. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ प्रमाणे रीतसर लेखी तक्रार आली की असा मजकूर साठवणाऱ्याने ३६ तासांत त्याची वाट बंद करायची असते, ती एकवीस दिवसांसाठी. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो. म्हणजे तक्रार करून स्वस्थ बसायचं नाही. फॉर्ममध्ये 'कृतीचे मालक' असं विचारतात तिथे 'सादरकर्ता, कलम ३८ व ३८ए' असं लिहा, नाहीतर "गाण्याचे लेखक तुम्ही नाही" म्हणून तक्रार परत येते. माझी एकदा आली.

तरीही दाद नाही लागली तर वकिलांची नोटीस, आणि मग दिवाणी दावा. मनाईहुकूम, नुकसानभरपाई आणि झालेल्या कमाईचा हिशोब, हे तीनही मागता येतं. भरपाईच्या दाव्याला भंग झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. जाणूनबुजून केलेला भंग गुन्हाही आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. पत्रात या कलमाचा, कॉपीराइट कायद्यातल्या ६३ चा, उल्लेख एका ओळीत पुरतो. त्यावर भर देऊन धमकावणीची भाषा करू नका, कारण ज्यांना पत्र लिहिताय त्यांच्याच मंचावर पुढच्या वर्षी बसायचं असतं. मी पत्रात आधी त्यांच्या कामाबद्दल खरं वाटणारं चांगलं लिहिलं, मग मागणी लिहिली.

पत्र एकटीने पाठवलं नाही. तबलजींना आणि तंबोऱ्यावरच्या मुलीला घरी बोलावलं, तिघांना ऐकवलं, तिघांच्या सह्या घेतल्या. ती मुलगी आधी घाबरली होती. "माझं काय त्यात, मी तर चार तारा छेडत होते," म्हणाली. मी तिला व्याख्या वाचून दाखवली.

अठराव्या दिवशी रील निघाली आणि अल्बमखाली तिघांची नावं आली. मोबदल्याची रक्कम ठरायला आणखी दोन महिने लागले. फार नव्हती, पण तिघांना वेगवेगळ्या चेकने मिळाली. तंबोऱ्यावरच्या मुलीचं आडनाव चुकीचं लिहिलं होतं. ते दुरुस्त करून घ्यायला दोन मेल लिहावे लागले, आणि ते दोन्ही तिने स्वतः लिहिले.